राणीच्या खिडकीतलं कोकण

धोंडगिरीच्या रायाजीराजांनी दवंडी पिटवली. गावाची थोरली विहीर उद्यापासून वाड्याच्या बागेसाठी. गावानं ओढ्यात झरे खणून पाणी भरावं.

विहिरीवरच्या बायका एकमेकींची तोंडं बघत राहिल्या. धोंडगिरीत ढग भरपूर, पाऊस बेताचा. फाल्गुन लागला की ओढ्यात नुसते गोटे. त्या बायकांत कुंभाराची लेक गोजरा होती. जिभेची तिखट, पण कामालाही तशीच. काखेतली घागर तशीच घेऊन ती वाड्यावर गेली.

"काय गं, तक्रार घेऊन आलीस?" राजांनी विचारलं.

"नाही सरकार, बाग बघायला आले. अख्खी विहीर पिणारी बाग केवढी असेल, बघावं म्हटलं."

"अजून लावायची आहे."

"लावायच्या आधीच एवढी तहान?"

राजांनी मिशीत हसू दाबलं. मग खरं ते सांगितलं. राणी गिरिजाबाई कोकणातल्या. लग्न होऊन आल्यापासून खिडकी उघडली की समोर उघडाबोडका माळ. हल्ली त्या खिडकीच उघडत नसत. म्हणून राजांनी शब्द दिला होता, की येत्या चैत्रात गौरीचं हळदीकुंकू हिरव्यागार बागेत होईल. केळी, झावळ्या, रुंद पानं, सगळं माहेरासारखं दाट.

"एवढंच ना? मी लावते. विहिरीला हात न लावता."

राजे हट्टी होते आणि पैजेचे शौकीनही. "ठीक. बागेला विहिरीचा थेंब नाही, खजिन्यातली कवडी नाही. तोवर गावानं विहिरीवर पाणी भरावं, पण माझा पहारेकरी तिथं राहील. चैत्रात बाग हिरवी दिसली तर विहीर गावाची. नाही दिसली तर विहीर माझी, आणि तुझा बाप वर्षभर वाड्याला फुकट मडकी देईल."

"पाण्याशिवाय माती कशी मळायची, तेवढं सरकारांनी त्याला शिकवावं म्हणजे झालं. माझी एकच मागणी आहे. वाड्यातून जे बाहेर टाकलं जातं ते माझं."

"कचरा? हवा तेवढा ने."

घरी बापानं कपाळावर हात मारला. "अगं, केळ पाण्याविना जगते का?"

"नाही जगत."

"मग?"

"राजे अंघोळ करतात की नाही?"

आषाढात जमीन ओली होताच गोजरा कामाला लागली. सगळा माळ सोडून तिनं फक्त राणीच्या खिडकीखालचा तुकडा घेतला. खिडकीतून दिसतं तेवढंच कोकण, असं तिचं म्हणणं. वाड्यातल्या लहानशा आडाचं पाणी न्हाणीघरात वापरून झालं की मोरीतून वाहून जाई. तिनं चर खणून ते वळवलं आणि त्या चराच्या काठी केळीच्या बुंध्याशी फुटलेले मुनवे, कर्दळ आणि अळू लावलं. तहानलेली झाडं एवढीच. बाकीची सगळी कमी पाण्यावर तग धरणारी. ओढ्याकाठच्या, नारळासारख्या झावळ्यांच्या लहान शिंदी मुळांसकट उपटून आणल्या, कुणाच्या परसातल्या चाफ्याच्या फांद्या मागून खोचल्या, बांधावरचं घायपात आणि कोरफड उचलून आणली. बापाची कच्ची भाजलेली मडकी झाडांमध्ये गळ्यापर्यंत पुरली. त्यांत वाड्यातलं भांडी विसळलेलं पाणी ओतायचं, ते मुळांपाशी हळूहळू पाझरत राही. वर पागेतल्या जुन्या गवताचा जाड थर, म्हणजे ऊन मातीला शिवायला नको. रुंद पानांची झाडं खिडकीजवळ आणि बारीक पानांची लांब लावली, त्यामुळे एवढासा तुकडा खोल रान वाटू लागला.

माघात मात्र चाफ्याची पानं झडली. राजे मुद्दाम फेरी मारायला आले.

"गोजरे, तुझ्या कोकणाला टक्कल पडलं."

"झोपलंय सरकार. आपण दुपारी झोपता तेव्हा कुणी काही म्हणतं का?"

राजे हसत गेले. गोजरा मात्र कितीतरी वेळ चाफ्याची फांदी नखानं खरवडून बघत राहिली. आत हिरवं दिसलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

चैत्र आला. माळ करपला, ओढा आटला. हळदीकुंकवाच्या सकाळी गिरिजाबाईंनी खिडकी उघडली आणि तिथंच बसून राहिल्या. खाली केळफूल लोंबत होतं, शिंदीच्या झावळ्या सळसळत होत्या, चाफा फुलांनी भरला होता.

राजे बागेत उतरले. आधी विहिरीवरच्या पहारेकऱ्याला विचारून झालं. बागेकडे थेंबही गेला नव्हता.

"मग या केळी कशावर पोसल्या?"

"सरकारांच्या पाठीवरून आलेल्या पाण्यावर. म्हणून हात जोडून सांगते, अंघोळ चुकवू नका. मागे आपण शिकारीला गेलात तर इकडे अळवानं मान टाकली होती."

हळदीकुंकवाला जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. राजांना हार मानवेना. ते बागभर फिरले आणि शिंदीपाशी थांबले.

"सापडली चूक. हा नारळ नाही. नारळाशिवाय कसलं कोकण? माहेरासारखी बाग ठरली होती. पैज मी जिंकलो."

गोजरानं एकदा खिडकीकडे पाहिलं.

"नारळ मुद्दामच ठेवला नाही, सरकार. सगळंच इथं मिळालं असतं, तर आपण म्हणाला असता, आता माहेरी जायचं कारण काय? बाग माहेरासारखी आहे, पण माहेर नाही. नारळ बघायला राणीसाहेबांना दरवर्षी कोकणात पाठवावंच लागेल."

वर खिडकीत गिरिजाबाई खळखळून हसल्या. लग्न झाल्यापासून वाड्यानं ते हसू ऐकलं नव्हतं. राजांनी वर पाहिलं, मग गोजराकडे, आणि तेही पोट धरून हसू लागले.

त्याच दुपारी पुन्हा दवंडी पिटली. थोरली विहीर गावाची, कायमची. गोजराला वाड्यातून जरीकाठी लुगडं आणि बापाच्या भट्टीशेजारची जमीन मिळाली. आणि गिरिजाबाईंचा मेणा त्याच आठवड्यात घाट उतरून कोकणात गेला.