दोन पिंपं उष्टं

चाळीस खोल्यांचं हॉटेल असूनही विलासशेठ पार्टे शेजारच्या इंदूताईंच्या खानावळीवर जळायचे. तिच्या परसातला खतखड्डा आणि त्यावर पोसलेली मेथी पाहिली, की त्यांना आंबट ढेकर यायचे. त्यात त्या खतासाठी ‘स्वच्छ हॉटेल’ म्हणून गावाने शाल दिली, तीही तिलाच!

शेठ भर सत्कारसभेत उठले. "खत कसलं हिचं? रोज माझ्या हॉटेलातून दोन पिंपं उष्टं नेते ही! शाल माझी आहे!"

इंदूताईंनी शाल काढून शेठच्या खांद्यावर घातली. "शेठ म्हणतात ते खरंय. माझ्याकडे लोक ताट चाटूनपुसून जातात, देठांपलीकडे काही उरतच नाही. एवढं उष्टं मिळतं ते यांच्याच हॉटेलात."

सभा खो खो हसली. शेठना शाल ठेवताही येईना, काढताही येईना.