दुसऱ्या दिवसाचा पहारा

एका राज्यात पागा मोठी होती, घोडे उमदे होते, आणि राणी मात्र मेण्यातून फिरत असे. तिचं नाव हेमकला. लहानपणी ती घोड्यावरून उतरायची ती फक्त जेवायला, तेही दहा हाका मारल्यावर. पुढे तिला राज्याभिषेक झाला. त्या राज्याची रीत अशी की गादीवर बसलेल्याचा पाय धुळीला लागायचा नाही. ही रीत कोणी घातली ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पाळत मात्र सगळे होते. घोड्यांचा नाद मग धाकट्या बहिणीकडे, रत्नकलेकडे गेला. तिला पहिल्यांदा खोगिरावर बसवलं होतं हेमकलेनेच.

सीमेवर कालकेतू नावाचा जादूगार राही. त्याला पागेतली नीलखुरी घोडी हवी होती. रत्नकला अंगणात त्या घोडीला खरारा करत होती. ती नाही म्हणाली. कालकेतूने फुंकर मारली आणि रत्नकला उभी होती तिथेच दगडाची झाली. खराऱ्याचा हात उचललेला होता, तो तसाच राहिला.

दुसऱ्या सकाळी कालकेतूची साळुंकी महालाच्या कठड्यावर येऊन बसली.

"अट ऐका. लागोपाठ तीन सकाळी राणीने स्वतः नीलखुरीवर बसून जायचं. पहिल्या दिवशी सोनतळ्याचं कमळ, दुसऱ्या दिवशी बोलक्या विहिरीचं पाणी, तिसऱ्या दिवशी कालकेतूच्या बोटातली अंगठी. सूर्य माथ्यावर यायच्या आत वस्तू दगडाच्या पायाशी हवी. एक दिवस चुकला तर बहीण कायमची दगड आणि घोडी कालकेतूची."

"वाटेत राक्षस आहे?" राणीने विचारलं.

"नाही."

"साप?"

"नाही."

साळुंकीला खोटं बोलता येत नसे, तो तिला जुना शाप होता. राणीला बरं वाटलं. गादीवर बसल्यापासून अठरा वर्षांत आपण घोड्याला हात लावला नाही, हे तिच्या ध्यानात होतं, पण त्याची तिला फिकीर वाटली नाही. कालकेतूने मात्र तेच हेरलं होतं. त्याने वाटेवर राक्षस ठेवला नाही की साप ठेवला नाही. त्याने पहाऱ्याला दुसरा दिवस ठेवला.

पहिल्या सकाळी राणीने रिकिबीत पाय घातला आणि अंगाला सगळं आठवलं. घोडी चौखूर सोडली, सोनतळं गाठलं, कमळ खुडलं आणि सूर्य अर्ध्यावर यायच्या आत परतली. लोकांनी फुलं उधळली. कमळ दगडाच्या पायाशी ठेवलं तेव्हा खराऱ्याच्या हाताची बोटं गुलाबी झाली. रीतीप्रमाणे राणी पायघडीवरून थेट मेण्यात बसली, महालात गेली आणि मऊ गादीवर निजली. फार खूश होती बिचारी.

दुसऱ्या सकाळी तिला उठता येईना. मांड्या भरून आल्या होत्या, कंबर धरली होती, बोटंसुद्धा मिटत नव्हती. कुशीवर वळायला तीन दासी लागल्या. कठड्यावर साळुंकी हजर होती. तिने चोचीतली काळी कुपी खाली ठेवली.

"मालकांनी पाठवलीय. एक थेंब चोळला की दुखणं जातं."

"आणि काय होतं?"

"तेवढा भाग दगडाचा होतो."

राणीने कुपी परत दिली. पण बहीण हातची जाते आहे या विचाराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने यमाजीला बोलावून घेतलं. यमाजी पागेतला म्हातारा मोतद्दार, घोड्यांची निगा राखण्यात त्याचं आयुष्य गेलेलं.

"यमाजी, घोडी कशी आहे?"

"ताजी आहे, राणीसरकार."

"तिचं काही दुखत नाही?"

"नाही. काल आपण आलात तेव्हा ती घामाघूम होती. तशी बांधली असती तर आज आखडली असती. मी तिला हळूहळू फिरवली, मग अंग चोळलं." म्हाताऱ्याने राणीच्या पायांकडे पाहिलं. "सरकारांना कोणी फिरवलं?"

राणीला कोणीही फिरवलं नव्हतं.

मग यमाजीने निर्गुडीचा पाला उकळून घेतला. दासींनी त्याचा शेक दिला आणि तिळाचं कोमट तेल हलक्या हाताने लावलं. त्यानंतर राणीला अनवाणी पागेच्या अंगणात उतरवलं. प्रधानजी धावत आले.

"सरकार, रीत मोडते आहे."

"मोडू दे. मी मोडले तर बहीण कोण आणणार?"

राणी विव्हळत अंगणात फेऱ्या घालू लागली. पाचव्या फेरीला पाय थोडा उचलला. नवव्या फेरीला यमाजी म्हणाला, "आता बसा. आज चौखूर नाही. कदमचालीनं जायचं, कदमचालीनं यायचं."

ती चौथऱ्यावर चढून घोडीवर बसली. पहिला कोस तिने दात आवळून काढला. मग अंगाला ऊब आली आणि ठणका कमी झाला, गेला मात्र नाही. विहीर म्हणाली, "उशीर केलास." राणी म्हणाली, "हो." विहिरीने घागर भरून दिली. सूर्य माथ्याला टेकायला चार बोटं उरली असताना पाणी दगडाच्या पायांवर पडलं आणि रत्नकलेचे डोळे हलले. त्या दिवशी मेणा रिकामा परत गेला. राणीने घोडीचा लगाम धरला आणि दोघी मिळून फिरल्या.

तिसऱ्या दिवशीही दुखत होतंच, काकणभर जास्त. शेक झाला, फेऱ्या झाल्या, आणि कदमचालीने राणी कालकेतूच्या दारात पोचली. तिथे दगडाचे तेरा स्वार रांगेत उभे होते. अंगठी मागायला आलेल्या प्रत्येकाला कालकेतू एकच प्रश्न विचारी. सगळ्यांनी छाती काढून एकच उत्तर दिलं होतं, "छे." खोटं ओठांवर आलं की माणूस दगड होई.

"दुखतं का?" कालकेतूने विचारलं.

"खूप," राणी म्हणाली. "बसताना दुखतं, उतरताना त्याहून दुखतं. शिंक आली तरी दुखतं. अंगठी द्या, मला अजून परत जायचंय."

खऱ्या उत्तरावर त्याची जादू चालत नसे. त्याने अंगठी काढून दिली. अंगठीबरोबर त्याच्या दारातली जादूही गेली, आणि तेरा स्वार कण्हत कण्हत आपापल्या गावाला लागले.

अंगठी पायाशी ठेवताच रत्नकलेच्या अंगातून दगड उतरला. हातातला खरारा खाली पडला. तिने पाऊल टाकायला पाहिलं आणि ती जागीच डगमगली.

"ताई, सगळं अंग आखडलंय. पाय उचलत नाहीत गं."

भोई मेणा घेऊन पुढे आले. हेमकलेने त्यांना हाताने थांबवलं. मग तिने बहिणीचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"उचलतील," ती म्हणाली. "चल, तुला फिरवते."

आणि त्या राज्याची राणी आणि तिची बहीण, दोघी लंगडत, धुळीतून पागेला फेरी घालू लागल्या. मागून यमाजी घोडीला घेऊन चालत होता.