सड्यावरचं रुपेरी फूल

रायभान राजाचं डोकं एका रानफुलानं फिरवलं! शिकारीला गेला, तर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्याबोडक्या कातळावर, त्याला रुपेरी झुपके दिसले. वीतभर झाड, कागदासारखी पाकळी, दरसाल जुन्याच मुळातून फुटणारं. झालं! माळ्याला हुकूम सुटला, "सटवाजी, हे माझ्या बागेत फुललं पाहिजे. आठ दिवसांत! नाहीतर तुझं बिऱ्हाड राज्याबाहेर!"

सटवाजीनं रोप आणलं. शेणखत घातलं, दूधपाणी शिंपलं, वर छत्री धरली. तिसऱ्या दिवशी रोप कुजलं. दुसरं आणलं, त्याला गुलाबपाणी घातलं. ते तर दुसऱ्याच दिवशी गेलं!

त्याची लेक येसू म्हणाली, "बाबा, लाडानंच मारताय की त्याला! त्याला कातळ लागतो, ऊन लागतं, आणि माळी लांब लागतो."

"मग बागेत कसं फुलायचं, पोरी? चल, भांडीकुंडी बांधायला घे."

"भांडी राहू द्या. थोडा चुना द्या."

आठव्या दिवशी येसू राजापुढं उभी. "सरकार, फूल तुमच्या बागेत फुललंय. बघायला चला."

राजा खुशीत महालामागं वळला.

"तिकडं नाही, इकडं!" म्हणत येसूनं त्याला, कारभाऱ्यांना आणि सटवाजीलाही घाम निथळेस्तोवर डोंगर चढवला. वर तीच फुलं, तोच कातळ. फक्त चार कोपऱ्यांना चुन्यानं रंगवलेले चार दगड.

"ही माझी बाग?" राजा गरजला. "हा तर मोकळा सडा!"

"कालपर्यंत होता, सरकार. आज मी दगड लावले."

"दगड लावला की जागा माझी होते?"

"मला अडाणीला काय ठाऊक! गेल्या साली कारभाऱ्यांनी आमच्या गावच्या बारा शेतांत असेच पांढरे दगड रोवले. म्हणाले, दगड आला की जमीन सरकारची. खोटं असेल तर सांगा, आम्ही आजच नांगर जुंपतो!"

कारभाऱ्यांना एकदम खोकला आला. राजानं दगडांकडे पाहिलं, कारभाऱ्यांकडे पाहिलं, आणि असा हसला की पागोटं घसरलं!

"बाग माझीच! बोल, बक्षीस काय देऊ?"

"बाग मोठी आहे, सरकार. चार दगड पुरायचे नाहीत. आमच्या शेतांतले उपटून आणू?"

"आण, सगळे आण! आणि सटवाजी, आजपासून तू इथला मुख्य माळी. पण पोरी, इथं त्याला काम काय?"

"काही करायचं नाही, हेच काम!"

"आणि पगार?"

"कारभाऱ्यांएवढा!"

राजा पोट धरून हसला, आणि पगार तेवढाच ठरला.