मर्जीराणीचे दोन चोपदार

त्या राज्यात वाक्यांना एकट्याने चालायची मुभा नव्हती. विनंती असो की हुकूम, पुढे चोपदार हवाच. त्याने दारात वर्दी द्यायची आणि येताना उत्तर घेऊन यायचं, असा रिवाज होता.

समुद्रापलीकडून एकाच गलबताने आलेले दोन शब्द या कामावर होते: प्लीज आणि काइंडलीराव. दोघांचाही अर्थ म्हणे एकच, कृपा करून. म्हणे! प्लीज कुणाच्याही कामाला जाई. तहानलेल्याच्या, रुसवा काढणाऱ्याच्या, खिडकीजवळची जागा मागणाऱ्याच्या. दार वाजवून ती समोरच्याच्या तोंडाकडे बघत उभी राही. काइंडलीराव मात्र सरकारी शिक्क्याच्या वाक्यांपुढेच चालत. काठी आपटली, वर्दी दिली की पाठ फिरवली. उत्तरासाठी ताटकळणं त्यांना कमीपणाचं वाटे.

राज्य मर्जीराणीचं होतं आणि तिला नाही नावाचा तो खरखरीत म्हातारा डोळ्यांसमोर नको असे. नेमका तोच अधूनमधून प्लीजबरोबर दरबारात येई. मिळेल ते उत्तर आणणं हे तिचं कामच होतं.

एकदा राणीने तलावाचे पाट आणि बांध सांभाळणाऱ्या पाटकऱ्यांना प्लीजबरोबर सांगणं धाडलं, सणासाठी तलाव काठोकाठ भरा. प्लीज दिवसभर बांधावर थांबली आणि चिखलाने माखलेल्या नाहीला हाताला धरून घेऊन आली.

"बांधाला भेग गेलीय, बाईसाहेब," ती म्हणाली. "आणखी पाणी घेतलं तर शहर बुडेल. पाटकऱ्यांचं एकदा ऐका."

"काइंडलीरावांनी हा म्हातारा कधी आणलाय?" राणीने विचारलं.

दरबाराने माना हलवल्या. कधीच आणला नव्हता.

"मग खोट या बयेतच आहे. काढा हिला वेशीबाहेर."

आजवर इमानाने केलेल्या चाकरीचं हे फळ. प्लीजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या नावाने वेशीला अडसर पडला आणि ती समोरच्या टेकाडावर खोपट बांधून राहिली. राणीचा तिला संताप येई, पण त्या भेगेच्या धास्तीने घास गिळवत नसे.

तेच सांगणं घेऊन काइंडलीराव बांधावर गेले, काठी आपटली आणि परतले. नकार आला नाही म्हणजे होकारच, असं दरबाराने धरलं. पाटकऱ्यांनी दातओठ खात तलाव भरला, बायकापोरं आणि सामान गाड्यांवर घातलं आणि टेकाडापलीकडे निघून गेले. जाताना प्लीजला म्हणाले, "तू बोलवायला आलीस तर येऊ. त्या काठीवाल्याला आम्ही ओळखत नाही."

चौथ्या दिवशी बांध फुटला. भगदाड बुजवायचं कसब दरबारात कुणालाच नव्हतं. काइंडलीराव तीनदा पाटकऱ्यांकडे जाऊन आले, पण गाडीचा बैलसुद्धा हलला नाही. महालाच्या पायऱ्या बुडाल्या तेव्हा राणी वेशीच्या बुरुजावर चढली आणि ओरडली, "त्या प्लीजला परत आणा."

प्लीज भाकरी थापत होती. दारावर काठी आपटली.

"राणीसाहेबांच्या चाकरीत पुन्हा रुजू व्हावे. चोपदाराबरोबर आलात तरच वेस उघडेल."

तिच्या मनात आलं, बुडू दे मेल्यांना. मग शहरातली माणसं आठवली. दिवसातून दहादा तिला हाक मारणारी. तिने पिठाचे हात तसेच लुगड्याला पुसले आणि कडी काढली.

दारात कुणी नव्हतं. काइंडलीराव उतार उतरत होते, मान ताठ.

"येते म्हणावं. थांबा, मी येते," ती मागून धावत म्हणाली.

मागून आलेलं ऐकायची त्यांना सवय नव्हती. ते आत गेले, वेस मिटली आणि अडसर पडल्याचा आवाज झाला. प्लीज वेशीच्या फळीवर तळहात टेकून उभी राहिली. पायांशी, फळ्यांच्या फटीतून पाणी बाहेर येत होतं.

वर बुरुजावरून राणीने आतल्या बाजूला वाकून घाईघाईने विचारलं, "काय म्हणाली?"

"कळवून आलोय, बाईसाहेब," काइंडलीराव म्हणाले.