तुपातली चकाकी

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगरी राज्याची राणी देवीला नवस बोलली होती. तिची एकुलती एक लेक तापाने फणफणली होती आणि वैद्यांनी हात टेकले होते. राणीने पदर पसरला. म्हणाली, "आई, लेक बरी होऊ दे. वर्षभर तुझ्या रथाच्या आसाला मी साजूक तूप घालीन."

लेक बरी झाली.

देवीचा रथ दर पौर्णिमेला डोंगरावरच्या देवळातून नदीवर उतरायचा आणि परत वर चढायचा. चाकं ज्याच्यावर फिरतात, त्या लोखंडी आसाला आजवर एरंडेलाचं काळं, चिकट वंगण असे. आता दर खेपेला राणी स्वतः तुपाचा गडू घेऊन येई आणि हाताने तूप घाली.

दोन-तीन पौर्णिमा झाल्या, तसे चाकातून गळणाऱ्या तुपात सोनेरी कण चमकू लागले. लोक म्हणाले, आईने नवस गोड मानून घेतला. ते तूप बोटाने टिपून कपाळी लावायला झुंबड उडू लागली. राणी लेकीच्या कपाळालाही लावी, आणि तिला भरून येई.

अशा अकरा पौर्णिमा पार पडल्या. बारावीला दोन दिवस उरले असताना रथ सांभाळणाऱ्या सुताराची बायको राणीकडे आली. तिच्या एका हातात पांढरं फडकं होतं, दुसऱ्या हातात लोहचुंबकाचा खडा.

"बाईसाहेब, रागावू नका," ती म्हणाली. "या खेपेला तूप नको. चाकं उतरवून बघू या."

जवळच बसलेली दासी फणकारली, "तुझ्या मडक्यातलं एरंडेल तुपाच्या पंगतीला बसवतेस होय गं?"

"पंगतीत तूपच वाढा की, मी कुठं नको म्हणते? पण घासून घासून चाक तापलं की तूप पाण्यासारखं वाहून जातं. एरंडेल दिसायला ओंगळ, पण धरून राहतं."

तिने फडकं उलगडलं. दर पौर्णिमेचा एकेक डाग त्यावर ओळीने टिपलेला होता. "हे आधीचे पिवळे कण बघा. चाकाच्या आत पितळेचं कडं असतं, ते झिजत होतं. कडं बदलता येतं, म्हणून माझा जीव थाऱ्यावर होता. हा अकरावा डाग बघा. यातले कण पांढरे आहेत." तिने चुंबक जवळ नेला. पिवळे कण जागचे हलले नाहीत. पांढरे मात्र टपाटप खड्याला चिकटले. "हे लोखंड आहे, बाईसाहेब. आता आस झिजतोय."

राणीचा हात नकळत स्वतःच्या कपाळाकडे गेला.

"एकच पौर्णिमा उरली आहे," ती हळूच म्हणाली. "नवस अर्धा राहिला आणि पोरीला पुन्हा ताप आला, तर मी कुणाला तोंड दाखवू? एवढी एक खेप जाऊ दे."

सुतारणीने फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "उतारावर रथ आवरायला चाकाखाली लाकडाची मोगरी सारावी लागते. ती माझे मालक सारतात. चाकात आणि त्यांच्यात वीतभर जागा असते."

"तू माझ्या जागी असतीस तर?"

"मीही अशीच भ्याले असते."

राणीने डोळे पुसले आणि चाकं उतरवायला सांगितली. तुपाने न्हालेला आस बाहेर आला. चाकाजवळ तो उसाच्या कांड्यासारखा आवळला होता. सुताराने हातोडीचा एकच ठोका दिला, आणि आसाचे दोन तुकडे झाले.

त्या पौर्णिमेला रथ निघाला नाही. देवी पालखीतून नदीवर गेली. राहिलेलं तूप राणीने रथ ओढणाऱ्यांच्या पानात वाढलं. सुताराच्या पानाशी ती थांबली. तो म्हणाला, "बास, बाईसाहेब, पान वाहतंय," तरी ती वाढतच राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने लेकीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. लेक झोपेतच कुरकुरली, "आई, हात थंड आहे तुझा."

पुढे नवा आस बसला, नवं कडं बसलं, एरंडेल पडलं. रथातून काळंभोर वंगण गळू लागलं, त्यात काही म्हणता काही चमकत नव्हतं. कपाळी लावायला काही मिळेना म्हणून लोक थोडे हिरमुसले. राणी मात्र ते काळं वंगण बघून देवीला हात जोडायची.

बोध एवढाच: आपल्याला मोलाचं वाटतं ते नव्हे, तर ज्याला द्यायचं त्याला मानवतं ते द्यावं, आणि झिजेच्या खुणेला कृपा समजू नये.

बायांनो, लेकरांनो, तुम्हीही राणीसारखं करा. आपल्या मायेने कुणी झिजत तर नाही ना, हे थांबून बघा, आणि कुणी फडकं उलगडून दाखवायला आलं, तर त्याला आधी बसायला पाट द्या.