सायरस पाळकाचं देणं

सन १८६८, एप्रिलचा पहिला आठवडा. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाची पेरणी चालू होती. गुलामी सुटून तीन वर्षं झाली होती. त्या पेरणीतून सीडर फोर्ड गावच्या चर्चचा काळा पाळक सायरस मॅबरी उठला आणि राज्याच्या विधानसभेत जाऊन बसला. लोकांनी मतं देऊन बसवला. असं म्हणतात, तो तीस कोस दलदलीतून चालत गेला, पण पायाला चिखल लागला नाही.

त्याला एकच कायदा हवा होता, गुलामीतली लग्नं खरी मानणारा. गुलामांचं लग्न कायद्याने लग्नच नव्हतं. पूर्वी मालक सायरसला लग्न लावायला उभा करी आणि वाक्य तोंडात देई, "मरण किंवा विक्री तुम्हांला वेगळं करेपर्यंत." ते सायरसने बारा जोडप्यांपुढे म्हटलं. पाच जोडपी विक्रीत फुटली.

लोक म्हणत, "काका, चाबूक मालकाचा होता."

तो म्हणे, "जीभ माझी होती."

विधानसभेत गोरे सभासद हसले. "तुम्ही गुलामांच्या रीतीने झाडूवरून उडी मारून लग्न करणारे! कायदा कशाला? झाडूच मागा की!"

सायरस खाली बसला नाही. असं म्हणतात, तो तीन दिवस उभा होता, पाणीसुद्धा प्याला नाही. कायदा झाला. पण त्याच वर्षी गोऱ्यांनी काळ्या सभासदांना विधानसभेबाहेर काढलं, आणि रात्री तोंड झाकून आलेल्या गोऱ्या घोडेस्वारांनी सायरसचं चर्च जाळलं.

त्याने राखेत उभं राहून न फुटलेल्या सात जोडप्यांची लग्नं, वाक्यातून 'विक्री' गाळून, पुन्हा लावली. मग विकलेल्यांना हुडकायला निघाला. असं म्हणतात, नदीचा पूर त्याला वाट देई. चार जोडपी त्याने समोरासमोर आणली. वीस वर्षांनी त्यांना एकमेकांची ओळखही पटेना. खऱ्या शब्दाने त्यांचीही लग्नं लागली; ती रडली आणि आपापल्या वाटेने गेली.

राहिलं पाचवं जोडपं, प्रायमस आणि टेम्पी. टेम्पी दूरच्या राज्यात सापडली, आंधळी झालेली. सायरसने तिला पाठीवर आणलं. ते सीडर फोर्डला पोचले तेव्हा प्रायमस शवपेटीत होता.

टेम्पीने चाचपून त्याचा हात धरला. "काका, मरण तर येऊन गेलं. आता काय म्हणणार?"

सायरसने दोघांच्या हातांवर आपला हात ठेवला. मग म्हणाला, "मरणानेही नाही."

सीडर फोर्डला आजही लग्नात पाळक "मरण वेगळं करेपर्यंत" म्हणून थांबतो, आणि सगळं गाव उभं राहून म्हणतं, "मरणानेही नाही."

त्या दिवशी शवपेटीपाशी बारावं लग्न लागलं. सायरसचं देणं फिटलं.