शेठच्या दारातलं गोणपाट

गोदाक्कांच्या पायाचं मोडलेलं हाड नुकतंच जुळलं होतं. अंगणात नवी, न घसरणारी फरशी घालायची, तर फरशीवाले वामनशेठ ऐकेचनात.

"ही गुळगुळीतच घ्या, आरशासारखी! खडबडीत फरशी गोठ्यात शोभते," ते तोऱ्यात म्हणाले. बिचाऱ्या गोदाक्का मान डोलावू लागल्या.

त्यांची सून हेमांगी मात्र दुकानाच्या दाराकडे बघत होती. "शेठ, तुमच्या दारातही हीच फरशी आहे ना? मग वर गोणपाट का अंथरलंय?"

"अहो, ओल्या पायांनी गिऱ्हाईक घसरेल ना!"

"परक्या गिऱ्हाइकाला तुम्ही एवढं जपता, मग माझ्या सासूबाईंना मी किती जपावं?"

शेठनी लगेच खडबडीत फरशी काढून दिली.

आता गोदाक्का रोज ओल्या पायांनी तुळशीभोवती निर्धास्त फिरतात. शेवटी एक फेरी जास्तीची घालतात, सुनेसाठी.